नखुरडें आणि त्याची नोंद

इतिहास म्हटला म्हणजे राज्यारोहणें, लढाया, तह आणि सनदा आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. मनुष्याच्या देहालाही इतिहास आहे, आणि मोठमोठ्या साथींच्या रूपानें तो कांहीं अंशीं लिहिलाही गेला आहे. देवी, पटकी, प्लेग यांनीं गांवेंच्या गांवें ओस पाडलीं. त्यांची दखल घेतल्यावांचून सरकारचें चाललें नाहीं आणि इतिहासकारांचेंही चाललें नाहीं. परंतु जो रोग एकट्यादुकट्या माणसाला होतो, त्याच्या देहाच्या अगदीं खालच्या टोंकाला होतो, ज्यानें शेजारी घाबरत नाहींत, आणि जो बहुधा आठ-पंधरा दिवसांत बरा होतो पण क्वचित् मनुष्याला घेऊनही जातो, त्याचा इतिहास कोणीं लिहावा? पायाचें बोट पिकणें हा असाच एक रोग आहे. प्रस्तुत लेखांत त्याच्या उपचारांचा विचार करावयाचा नाहीं. तो वैद्य-डॉक्टरांचा प्रांत होय. आम्हांस पाहावयाचें आहे तें एवढेंच कीं, या क्षुद्र दुखण्याला वेळोवेळीं कोणतीं नांवें मिळालीं, तें कोणत्या वहींत कोणत्या सदराखालीं लिहिलें गेलें, आणि पुष्कळदां तें कां लिहिलें गेलें नाहीं. विषय वरकरणीं किरकोळ दिसतो. पण ज्या दुखण्याची नोंद नाहीं त्याची मोजदाद होत नाहीं, आणि ज्याची मोजदाद नाहीं त्याच्यासाठीं दवाखाना, औषध किंवा पैसा यांची तरतूद करण्यास कोणालाही सुचत नाहीं. म्हणून हा प्रश्न केवळ कारकुनीचा नाहीं.

या प्रश्नाकडे पाहण्यास नगर जिल्ह्यांतील काष्टी हें गांव आपण समोर ठेवूं. दौंडाहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला. भीमा ओलांडून तो नगर जिल्ह्यांत शिरला कीं थोड्याच अंतरावर काष्टी लागतें. जनावरांच्या बाजाराबद्दल या गांवाची ख्याति दूरवर आहे. तालुका श्रीगोंदें. या तालुक्याच्या गांवाचें जुनें नांव चांभारगोंदें. गोविंद नांवाच्या एका भाविक चांभारावरून तें पडलें, असें सांगतात. पायांत घालावयाचे जोडे करणाऱ्याचें नांव ज्या गांवानें मिरविलें, त्याच्या परिसरांत पायांना सुख फार नव्हतें. घोड आणि कुकडी यांच्या कालव्यांनीं येथें पाणी आणलें, पाण्याबरोबर ऊंस आला, आणि उंसाबरोबर रात्रीं-बेरात्रीं चिखलांत उभें राहून दारें धरण्याचें काम आलें. बाभळीचा कांटा, बांधावरची ठेंच, बाजारांत पायावर पडलेला बैलाचा खूर, उन्हाळ्यांत पडलेल्या टाचांच्या भेगा, आणि पावसाळ्यांत बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या, असे अनेक दरवाजे जंतूंना उघडे असतात.

या दुखण्यांसाठीं आमच्या भाषेंत शब्दांचा दुष्काळ नाहीं. नखाच्या कडेला सूज येऊन पू झाला तर तें नखुरडें. कातडीवर लाली पसरत पायावर चढूं लागली तर तें धांवरें. नांवांतच त्याचें धांवणें आहे. बोटाला लागलें असतां जांघेंत गांठ येते, तिला अवधाण म्हणतात. हा शेवटचा शब्द विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. बोटाची जखम आणि जांघेंतील गांठ हीं एकाच दुखण्याचीं दोन टोंकें आहेत, हें ज्ञान शरीरशास्त्राचें पुस्तक न उघडतां आमच्या शेतकऱ्यांना झालें होतें. हल्लींचें शास्त्र सांगतें कीं, जंतु कातडींतून रसवाहिन्यांत शिरतात आणि त्या वाहिन्यांच्या नाक्यावरील ग्रंथि त्यांना अडवितांना सुजतात. गांवांतील म्हातारी बाई गांठ पाहून आधीं पायाचें बोट तपासते, तेव्हां ती याच तत्त्वानें चालते.

संस्कृत वैद्यकानें या दुखण्यांची मांडणी अधिक काटेकोरपणें केली. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत क्षुद्ररोगांचा एक अध्याय आहे व त्यांत ४४ रोग सांगितले आहेत. त्यांत चिप्प आहे, म्हणजे नखाच्या मांसांत दाह व पाक करणारा रोग; हेंच आपलें नखुरडें. त्यांत अलस आहे. दूषित चिखलाच्या स्पर्शानें बोटांमधील जागा ओलसर होऊन तेथें खाज, दाह व वेदना होणें, असें त्याचें वर्णन आहे. चिखल्यांचें याहून नेटकें वर्णन आजही करितां येणार नाहीं. पायांच्या भेगांना पाददारी व कुरुपाला कदर अशीं नांवें आहेत. मात्र विसर्प, म्हणजे आपलें धांवरें, या यादींत नाहीं. पसरत जाणारा व प्राणावर बेतणारा तो रोग सुश्रुतानें वेगळ्या अध्यायांत घातला, आणि चरकानेंही त्याला चिकित्सास्थानांत स्वतंत्र अध्याय दिला. अर्थात् नखाशीं राहणारें दुखणें क्षुद्रांत आणि अंगभर धांवणारें मोठ्यांत, अशी ही विभागणी झाली. परंतु पहिलें दुखणें वाढून दुसरें होऊं शकतें, आणि मग तें कोणत्या घरांत बसवावें हा पेंच उभा राहतो. हा पेंच वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें हजारों कोसांवर, वेगळ्याच विद्येंत, तो पुन्हां भेटणार आहे.

चरकसंहितेंत या संबंधानें एक मोठा उदार विचार आला आहे. प्रत्येक विकाराला ठरलेलें नांव असेलच असें नाहीं. म्हणून एकाद्या विकाराचें नांव सांगतां आलें नाहीं तर वैद्यानें लाजूं नये, त्याची प्रकृति, स्थान व कारण ओळखून उपचार करावा, असा त्याचा आशय आहे. एका खाटेवरील एका रोग्यापुरतें हें अगदीं खरें आहे. पण हजारों रोग्यांचा हिशेब मांडावयाचा झाला, म्हणजे नांवावांचून पाऊल पुढें पडत नाहीं. आमच्या प्राचीन वैद्यकानें रोग ओळखला, त्याला नांव दिलें, त्याचें वर्गीकरणही केलें. परंतु कोणत्या गांवांत कोणत्या वर्षीं तो किती जणांना झाला, याची वही ठेवण्याची प्रथा आमच्या परंपरेंत पडली नाहीं.

नोंदीची ही उणीव केवळ गरिबांच्या वांट्याला आली असें समजूं नये. शिवछत्रपतींचें देहावसान ३ एप्रिल १६८० रोजीं रायगडावर झालें. सभासदाच्या बखरींत महाराजांना ज्वराची व्यथा झाल्याचें लिहिलें आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या इंग्रजांनीं सुरतेस लिहिलेल्या पत्रांत रक्तातिसाराचें कारण दिलें आहे. ज्या पुरुषाच्या हालचालींवर सारें दक्षिण डोळे लावून होतें, त्याच्या अंतिम आजाराविषयींही दोन लेखण्या दोन कारणें सांगतात. मग काष्टीच्या एकाद्या नांगऱ्याचें बोट पिकून तो गेला, तर त्याचें कारण कोण लिहून ठेवणार?

युरोपांतही आरंभीं स्थिति फारशी निराळी नव्हती. फ्रान्सच्या दरबारचा प्रसिद्ध संगीतकार लुली हा १६८७ सालीं वाद्यवृंदाला ताल देत असतां हातांतली जड काठी स्वतःच्याच पायावर आपटून घायाळ झाला. जखम चिघळली, मांस कुजलें, पाय कापूं देण्यास त्यानें नकार दिला, आणि दोन-अडीच महिन्यांत तो मरण पावला. ही हकीकत राहिली याचें कारण तो राजाचा गायनाचार्य होता. सामान्य लोकांच्या मरणांचीं पत्रकें लंडन शहरांत निघत असत. जॉन ग्रॉंट या कापडव्यापाऱ्यानें त्या पत्रकांचा अभ्यास करून १६६२ सालीं एक लहानसें पुस्तक छापलें, आणि लोकसंख्येच्या शास्त्राचा पाया घातला. त्याला लवकरच कळून आलें कीं, प्रेत पाहून कारण सांगण्याचें काम ज्या वृद्ध बायकांकडे होतें, त्यांच्या अज्ञानामुळें आणि कधीं चार पैशांच्या मोहामुळें कित्येक कारणें बदललीं जात. आंकड्यांच्या शास्त्राचा जन्म झाला त्याच दिवशीं त्याचें मूळ दुखणेंही असें उघडकीस आलें. गणित कितीही शुद्ध असलें, तरी पहिली नोंद करणाऱ्याच्या ज्ञानापलीकडे व प्रामाणिकपणापलीकडे तें जाऊं शकत नाहीं.

पुढें १८३९ मध्यें विल्यम फार हा डॉक्टर इंग्लंडच्या जन्ममृत्यूनोंदणी खात्यांत काम करूं लागला. एकाच रोगाला चार ठिकाणीं चार नांवें आणि चार रोगांना एकच मोघम नांव, अशी स्थिति असतां तुलना करितां येत नाहीं, असा त्याचा आग्रह होता. वजनें-मापें जशीं भौतिकशास्त्राला, तशीं ठराविक रोगनामें या शास्त्राला लागतात, असें तो मानी. त्यानें रोगांचे मोठे गट पाडले: साथीचे रोग, सर्व देहाचे रोग, अवयवांप्रमाणें मांडलेले स्थानिक रोग, वाढीचे विकार, आणि अपघात. १८९३ सालीं शिकागो येथें आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेपुढें जॅक बर्तिलाँ यानें मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, आणि १९०० सालीं पॅरिसच्या परिषदेंत २६ देशांच्या प्रतिनिधींनीं तिचें १७९ गटांचें रूप मान्य केलें. आज जगभर चालणाऱ्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची ही मूळ गंगोत्री.

या याद्यांत पायाच्या बोटाला जागा नव्हती. कोथ म्हणजे मांस कुजणें, गळवें, पूयज्वर, धांवरें, यांना रकाने होते. पण त्या मरणाची सुरुवात कोठें झाली, तळव्यांत, बोटांत कीं हातावर, हें विचारण्याचें कारणच नव्हतें. ती यादी मेलेल्यांची होती, दुखणाइतांची नव्हती. जिवंत माणसाच्या ठणक्याचा तींत हिशेब नव्हता.

आमच्याकडे ही विद्या इंग्रजी अमलाबरोबर आली, पण ती खेड्यांत पोंचेपर्यंत तिचें रूप फार आंखूड झालें होतें. १८६० नंतर इलाख्या-इलाख्यांत आरोग्याधिकारी नेमले गेले व गांवोगांवचीं मृत्युपत्रकें त्यांच्याकडे जाऊं लागलीं. त्यांत रकाने थोडे होते: पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, अपघात, आणि इतर सर्व कारणें. खेड्यांत माहिती गोळा करणारे पाटील-कुलकर्णी हे वैद्य नव्हते आणि तशी त्यांच्याकडून अपेक्षाही नव्हती. घरच्या माणसानें सांगावें, त्यांनीं लिहावें. ज्याचें बोट पिकलें, लाली गुडघ्यापर्यंत चढली, हुडहुडी भरून अंग फणफणलें आणि पांच-सहा दिवसांत जो गेला, त्याच्याविषयीं घरचे एवढेंच सांगत कीं ताप आला आणि माणूस गेलें. तें खोटेंही नव्हतें. शेवटीं दिसला तो तापच. या पत्रकांतून तयार झालेल्या आंकड्यांत तापाचा वांटा सर्वांत मोठा असे. त्यांत हिंवताप होता, विषमज्वर होता, बाळंतरोग होता, फुप्फुसाचा दाह होता. आणि चिघळलेलीं बोटेंही होतीं. ताप हें एका रोगाचें नांव नव्हतें. अनेक अज्ञात रोग ज्यांत पुरले गेले, त्या खड्ड्याचें तें नांव होतें.

सदरांच्या या आंखूडपणाचा परिणाम दोन मोठ्या प्रसंगीं दिसून आला. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासियु व्हिएगश या गोमंतकीय वैद्यानें प्लेग ओळखून तसें उघडपणें जाहीर केलें. नांव मिळतांच रकाना मिळाला, आणि रकाना मिळतांच सरकारी यंत्रणा हालली. ती कशी हालली आणि १८९७ च्या साथीच्या रोगांच्या कायद्यानें काय काय घडविलें, हा निराळा व कडू इतिहास आहे. आमच्या विषयाशीं त्याचा संबंध इतकाच कीं, ग्रंथिक सन्निपाताची गांठ पुष्कळदां जांघेंत येई, आणि बोटाच्या जखमेनें येणारें साधें अवधाणही जांघेंतच येतें. लोहमार्गावरील तपासणींत ज्याच्या जांघेला हात लावला जाई, त्याच्या बोटाकडे पाहण्याची सवड प्रत्येक वेळीं मिळत असेल असें नाहीं. दुसरा प्रसंग १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा. हिंदुस्थानांत त्या साथीनें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं, पण खेड्यांच्या पत्रकांत तिला स्वतंत्र जागा नसल्यामुळें बहुतेक मरणें ताप या सदरांतच पडलीं. पुढें संशोधकांना नेहमींचा ताप वजा करून उरलेल्या फरकावरून तिचा अंदाज बांधावा लागला. कोट्यवधि मरणें जेथें एका शब्दांत बुडालीं, तेथें काष्टीच्या एका बोटाची काय कथा?

दरम्यान प्रयोगशाळांत या रोगाचा खरा कर्ता सांपडला होता. पुवांत द्राक्षांच्या घोसाप्रमाणें दिसणारे जंतु ऑग्स्टन यानें १८८० च्या सुमारास दाखविले, आणि सांखळीप्रमाणें दिसणारे जंतु फेलायझेन यानें १८८३ मध्यें धांवऱ्यांतून वेगळे काढले. नखुरडें व धांवरें या दोहोंच्या मागें बहुधा याच दोन कुळांतील जंतु असतात, हें सिद्ध झालें. १९३५ पासून सल्फा औषधें आलीं, दुसऱ्या महायुद्धांत पेनिसिलिन आलें, आणि १९५४ सालीं पुण्याजवळ पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन होऊन तें औषध आपल्याच मुलखांत तयार होऊं लागलें. बोटाच्या दुखण्यानें मरण्याचें भय पुष्कळ कमी झालें. पण दुखणें गेलें नाहीं. मरण कमी झाल्यानें तें मरणाच्या वहींतून मात्र अधिकच पुसलें गेलें.

म्हणून १९४८ हें साल या इतिहासांत महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं नुकत्याच स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेनें वर्गीकरणाची सहावी आवृत्ति हातीं घेतली, आणि मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांचाही त्यांत प्रथमच पूर्णपणें समावेश झाला. यादी आतां जिवंतांचीही झाली. आणि हाताच्या व पायाच्या बोटांच्या दाहाला तींत स्वतःचें घर मिळालें. १९९० सालीं मान्य झालेल्या दहाव्या आवृत्तींत हें घर एल ०३.० या संकेतांकानें ओळखलें जातें. नखाच्या कडेचा दाह, म्हणजे आपलें नखुरडें, त्यांतच येतो. कोणता जंतु सांपडला हें सांगावयाचें असेल, तर बी ९५ या गटांतील अंक शेजारीं मांडतां येतो. परंतु धांवरें मात्र येथें नाहीं. तें पहिल्या अध्यायांत, संसर्गजन्य रोगांच्या ओळींत, ए ४६ या ठिकाणीं बसलें आहे. कातडीचे रोग बाराव्या अध्यायांत. सुश्रुताच्या काळचा जो पेंच वाचकांस ध्यानांत ठेवावयास सांगितला होता, तो हाच. अवयवाप्रमाणें घर द्यावें कीं रोगाच्या स्वभावाप्रमाणें, या प्रश्नाचें उत्तर फारच्या गटांतही दुहेरीच राहिलें होतें. २०१९ सालीं स्वीकारलेल्या व २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तींत मात्र जंतुजन्य त्वचादाह व धांवरें हीं एका छपराखालीं आलीं आहेत. दोन हजार वर्षांची ताटातूट कागदावर तरी संपली.

अमेरिकेनें दहाव्या आवृत्तीचें आपलें निराळें, विस्तृत रूप १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरांत आणलें. त्यांत उजव्या पायाच्या बोटाच्या दाहाला एल ०३.०३१, डाव्याला एल ०३.०३२, आणि बाजू न सांगितलेल्याला एल ०३.०३९ असे तीन वेगळे अंक आहेत. रसवाहिनीचा दाह असेल तर अंक आणखी निराळा. तेथें विमा कंपनी रुग्णालयाचें देणें या अंकांवरून तपासते. त्यामुळें डॉक्टरानें बाजू लिहिली नाहीं, तर तो कागद त्याच्याकडे परत येऊं शकतो. हे कागद वाचून अंक लावण्याचें काम, ज्यास मेडिकल कोडिंग म्हणतात, आपल्या देशांतही पुष्कळ चालतें. पुणें, नवी मुंबई, चेन्नई, हैदराबाद या शहरांत शास्त्रशाखेचे पदवीधर हा धंदा करितात. त्यांना शिकविला जाणारा पहिला नियम असा कीं, जें कागदावर नाहीं तें मनानें भरूं नये. औषध पाहून रोग ओळखूं नये, सूज म्हटली म्हणून जंतुदाह धरूं नये, बोट म्हटलें म्हणून पायाचें समजूं नये. हा नियम कोरडा वाटला तरी न्यायाचा आहे. ग्रॉंटच्या लंडनमधील बायकांना तो कोणीं शिकविला नव्हता.

परिणाम मात्र विलक्षण होतो. घोडनदी व भीमा यांच्या काठचा एकादा तरुण पुण्यास रात्रपाळीला बसून ओहायोच्या एका अनोळखी माणसाचें बोट उजवें कीं डावें याचा काथ्याकूट करूं शकतो. पण त्याच वेळीं त्याच्या गांवीं चिखल्यांतून चढलेल्या दाहाची नोंद कोठेंही होत नसण्याचा संभव अधिक. गांवांतील खासगी दवाखान्यांत सुई दिली जाते, गोळ्या दिल्या जातात, चिठ्ठीवर औषधांचीं नांवें असतात, आणि रोगाचें नांव असलेंच तर बहुधा दोन अक्षरांत. त्या चिठ्ठीबरोबर तो आजारही घडी होऊन खिशांत जातो. बाजारांत बैलाचा सौदा पटला म्हणजे पावती होते. तींत त्याचा रंग, शिंगें आणि वय लिहितात. ज्या माणसाच्या पायावर त्या बैलाचा खूर पडला, त्याच्या पायाचें वर्णन मात्र कोणी लिहीत नाहीं.

कोणी म्हणेल, एका बोटाचें एवढें स्तोम कशाला? याचें उत्तर मृत्यूच्या दाखल्यांत आहे. १९६९ च्या जन्ममृत्यूनोंदणी कायद्यानें कारणाचें वैद्यकीय प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था केली, आणि २०२३ च्या दुरुस्तीनें सर्व वैद्यकीय संस्थांवर, त्या सरकारी असोत वा खासगी, तें देण्याचें बंधन आलें. या प्रमाणपत्रांत कारणें एकाखालीं एक लिहावयाचीं असतात: वर तात्कालिक कारण, त्याखालीं त्यास जन्म देणारें कारण, आणि सर्वांत खालीं जेथून ही मालिका सुरू झाली तें मूळ कारण. समजा, एका मधुमेही शेतकऱ्याच्या अंगठ्याला ठेंच लागली, संवेदना मंदावलेल्या पायाला ती जाणवली नाहीं, नखाशीं पू झाला, दाह पसरला, जंतु रक्तांत भिनले आणि तो गेला. नीट लिहिणारा डॉक्टर वर पूयज्वर, त्याखालीं बोटाचा जंतुदाह, त्याखालीं मधुमेह असें लिहील. गणना मूळ कारणाची होते, म्हणून हें मरण मधुमेहाच्या खात्यांत जाईल. तें योग्यच आहे, आणि मधली ओळ कागदावर असल्यामुळें ज्याला शोधावयाचें त्याला बोट सांपडेल. पण घाईंत असलेल्या लेखणीनें वरच्या ओळींत केवळ हृदयक्रिया बंद पडली एवढेंच लिहिलें आणि खालच्या ओळी कोऱ्या ठेवल्या, तर काय उरलें? हृदय तर प्रत्येकाचेंच बंद पडतें. तो मृत्यूचा प्रकार झाला, कारण नव्हे. पाटील-कुलकर्ण्यांच्या पत्रकांत ज्याला ताप म्हणत, त्याचाच हा नव्या वेषांतला अवतार. मधुमेह गेला, बोटही गेलें, आणि त्या गांवाला पाय तपासणाऱ्या माणसाची गरज आहे हें सांगणारा पुरावाही गेला.

हा पुरावा गमावणें महाग पडतें, कारण या रोगांत थोड्या सावधगिरीनें फार कांहीं वांचतें. मधुमेहानें किंवा महारोगानें बधिर झालेल्या पायाची रोज तपासणी, चिखल्यांवर वेळीं उपाय, योग्य जोडा, आणि लाली पसरूं लागतांच डॉक्टराकडे जाणें, एवढ्यानें कित्येक पाय कापले जाण्यापासून वांचतात. महारोगाच्या बाबतींत आपल्या देशांत पायांची नोंद होते. बधिरता आहे कीं जखम झाली आहे, याप्रमाणें विकृतीची पायरी ठरवून ती कार्डावर लिहितात. त्या एका अंकानें कित्येकांना विशेष पादत्राणें मिळण्याची वाट मोकळी झाली. याच नगर जिल्ह्यांत जामखेड येथें डॉक्टर रजनीकांत व मेबल आरोळे यांनीं १९७० पासून गांवांतल्याच बायकांना शिकवून आरोग्याचें काम त्यांच्या हातीं दिलें. त्या प्रयोगाचा बोध असा कीं, घरोघर जाणाऱ्या शहाण्या शेजारणीला जें दिसतें, तें रुग्णालयाच्या दारांत बसलेल्या तज्ज्ञाला दिसत नाहीं. जिनें अवधाण पाहून बोट तपासलें, तिच्या हातीं एक वही आणि चार नेमके शब्द असते, तर या दुखण्याचा इतिहास आज इतका कोरा राहिला नसता.

आम्हांस असें सुचवावयाचें नाहीं कीं, प्रत्येक खेड्यानें अमेरिकेप्रमाणें उजव्या-डाव्या बोटांचे अंक घोकावे. विम्याच्या भांडणासाठीं निर्माण झालेला काटेकोरपणा जसाच्या तसा उचलल्यानें आरोग्य येत नाहीं. आणि लिहिण्यांतच वेळ गेला, तर डॉक्टराला रोग्याच्या पायाकडे पाहण्यास सवड उरणार नाहीं. परंतु चरकानें सांगितलेल्या तीन गोष्टी, विकाराची प्रकृति, त्याचें स्थान आणि त्याचें कारण, ह्या आजही एका ओळींत मावतात. पायाचें कोणतें बोट, कशानें दुखावलें, किती पसरलें, मधुमेह आहे कीं नाहीं, एवढें चिठ्ठीवर मराठींत लिहिलें तरी पुरे. संकेतांक लावणारे मग कोठेंही बसून तो लावूं शकतील. कारण अंक हा नोंदीचा अनुवाद आहे. मूळ वाक्यच लिहिलें गेलें नसेल, तर जगांतील कोणतीही आवृत्ति, सहावी, दहावी वा अकरावी, त्याचा अनुवाद करूं शकणार नाहीं.

नखुरड्याच्या या लहानशा इतिहासाचा निष्कर्ष एवढाच निघतो. नांवें आमच्याजवळ प्राचीन काळापासून होतीं, कारणें गेल्या दीडशें वर्षांत कळलीं, औषधें पिंपरीच्या कारखान्यांतही होऊं लागलीं, अंक जगानें आयते करून दिले. उणीव राहिली ती रोगी पाहतांक्षणींच पहिलें वाक्य खरेंखुरें लिहून ठेवण्याची. ती भरून काढण्यास नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाहीं. शाई, कागद आणि दुसऱ्याच्या पायाविषयीं थोडी आस्था एवढेंच साहित्य लागतें, आणि तें काष्टीसारख्या गांवांतही कमी पडण्याचें कारण नाहीं.